डी प्लस पुसला जात नाही. मग पुन्हा वर्गात कशासाठी बसायचं?

पत्राचा सारांश: वाचक सव्वीस वर्षांची आहे. तेराव्या वर्षी नाशिकहून आईबाबांबरोबर अमेरिकेत आली, आता कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते, ग्रीन कार्ड आहे. क्वार्टर पद्धतीच्या (वर्षाचे तीन तुकडे असलेल्या) विद्यापीठातून मानसशास्त्राची पदवी घेतली आणि सोबत मेडिकल प्रवेशाला लागणारे विज्ञानाचे विषयही केले. एकूण जीपीए (ग्रेडची सरासरी, 4 पैकी) 3.10, विज्ञानाचा 2.80. जनरल केमिस्ट्रीच्या दुसऱ्या क्वार्टरला सी मायनस, फिजिक्सच्या दुसऱ्या क्वार्टरला डी प्लस, ऑरगॅनिकच्या तीन क्वार्टरना सी, सी प्लस आणि बी मायनस. सध्या एका दवाखान्यात मेडिकल स्क्राइब (डॉक्टरांच्या नोंदी लिहिणारी) म्हणून पूर्णवेळ काम करते. बाबा म्हणतात, "कम्युनिटी कॉलेज स्वस्त आहे. सगळे विषय पुन्हा घे, जुनं सगळं धुवून निघेल." आई म्हणते, "पदवी झाल्यावर रात्रशाळेत जायचं? मेडिकलवाले असल्या मार्कांना विचारत नाहीत." मामांचं मत, दोन वर्षं घालवण्यापेक्षा सरळ कॅरिबियनमधल्या मेडिकल कॉलेजात जा. वाचक विचारते, "नेमकं काय करू? मी खरंच डॉक्टर होण्याच्या लायकीची नाही का?"

उत्तर:

लायकीचा प्रश्न जरा बाजूला ठेवू. तो सोडवायला आधी तुझं गुणपत्रक नीट वाचायला हवं, आणि तुझ्या घरात ते तिघांनी तीन तऱ्हांनी वाचलंय. प्रत्येकाच्या वाचनात थोडं खरं आहे आणि एकेक मोठी चूकही आहे.

बाबांपासून सुरुवात करते, कारण त्यांची योजना सगळ्यात ठोस आहे. कम्युनिटी कॉलेज, म्हणजे पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज, स्वस्त आहे, हे अगदी खरं. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला युनिटमागे (युनिट किंवा क्रेडिट म्हणजे कोर्सच्या भाराचं माप) 46 डॉलर पडतात. बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक आणि फिजिक्स यांचे प्रत्येकी दोन असे आठ कोर्स, प्रत्येकी पाच युनिटचे धरले तर 40 युनिट होतात, म्हणजे 1,840 डॉलर आणि वर थोडी किरकोळ फी. एवढ्या पैशात अमेरिकेत आठ विज्ञान विषय दुसरीकडे कुठे मिळायचे नाहीत. पण "धुवून निघेल" हे मात्र चूक. एमडी (इथली डॉक्टरकीची मूळ पदवी) कॉलेजांचे अर्ज ज्या सेवेमार्फत जातात, त्या ॲमकॅसमध्ये एखादा विषय जितक्या वेळा घेतला तितके सगळे ग्रेड मोजले जातात. डी प्लसच्या जागी ए बसत नाही, त्याच्या शेजारी बसतो. चार क्रेडिटचा डी प्लस म्हणजे 1.3 आणि चार क्रेडिटचा ए म्हणजे 4.0, दोन्ही मिळून त्या विषयाची सरासरी 2.65.

बाबांनी हे कुठून ऐकलं असेल याचा अंदाज येतो. डीओ (ऑस्टिओपॅथिक, एमडीसारखीच डॉक्टरकीची दुसरी पदवी) कॉलेजांच्या अर्जसेवेत, म्हणजे अॅकोमासमध्ये, पूर्वी नवा ग्रेड जुन्याची जागा घेत असे. ती सवलत 2017 मध्ये बंद झाली, पण ओळखीच्यांत अजून तिचाच हवाला दिला जातो. दुसरा घोळ "ॲकॅडेमिक रिन्यूअल"मुळे होतो. काही कॉलेजं जुना वाईट ग्रेड स्वतःच्या जीपीएतून वगळतात आणि कॉलेजच्या पोर्टलवर आकडा वर गेलेला दिसतो. अर्जसेवा मात्र तो जुना ग्रेड परत धरतेच.

आता तुझे आकडे मांडू. क्वार्टरच्या 180 युनिटचे ॲमकॅसमध्ये 120 सेमिस्टर क्रेडिट होतात. 3.10 ने गुणलं तर 372 गुण. बाबांच्या योजनेप्रमाणे 40 क्रेडिट घेतले आणि सगळीकडे ए मिळाला, तर 160 गुण वाढतील: 532 भागिले 160, म्हणजे 3.33. विज्ञानाची बेरीज वेगळी होते. ॲमकॅस तिला बीसीपीएम म्हणते, त्यात बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित येतं, तुझं मानसशास्त्र येत नाही. तुझे असे 45 क्रेडिट धरले तर 126 गुण होतात. त्यात 160 घातले की 286 भागिले 85, म्हणजे 3.36. आणि हे झालं आठच्या आठ विषयांत ए मिळाला तर. एमडीला प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए अलीकडच्या वर्षांत 3.77 च्या आसपास आहे. म्हणजे दोन वर्षं घाम गाळूनही सरासरीच्या शर्यतीत तू मागेच राहतेस.

हे वाचून खचू नकोस, कारण ही सरासरीची शर्यत तुला धावायचीच नाही. अर्जात तुझे ग्रेड वर्षवार मांडले जातात, आणि पदवीनंतर घेतलेल्या पदवीपातळीच्या कोर्सेसची ओळ वेगळी असते: पोस्टबॅक. एकूण बेरीज 3.3 वर अडली, तरी त्या ओळीत 3.9 दिसू शकतं. अर्ज वाचणाऱ्याचा खरा प्रश्न असतो, "आज हिला अवघड विज्ञान झेपतं का?" त्याला तुझं उत्तर त्या ओळीतून मिळेल. मग त्या ओळीत कोणते विषय असावेत, हा कळीचा मुद्दा ठरतो. सगळी जुनीच पाटी पुन्हा गिरवलेली दिसली तर वाचणारा म्हणेल, दुसऱ्यांदा घेतल्यावर ए मिळाला यात नवल काय? बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, जेनेटिक्स, सेल बायॉलॉजी असे पुढचे विषय पहिल्याच झटक्यात ए घेऊन दिसले, तर त्याला म्हणायला जागा उरत नाही.

म्हणून माझं मत असं: पुन्हा घ्यायचे ते फक्त दोन कोर्स. पूर्वअट असलेल्या विषयात सी किंवा त्याहून वरचा ग्रेड लागतो, अशी बहुतेक मेडिकल कॉलेजांची अट असते. तुझे केमिस्ट्रीचा सी मायनस आणि फिजिक्सचा डी प्लस त्या रेषेखाली आहेत, तेव्हा ते घ्यावेच लागतील. ऑरगॅनिकच्या सी आणि सी प्लसला हात लावू नकोस. ते दिसायला वाईट असले तरी पास आहेत, आणि त्यांचं खरं उत्तर बायोकेमिस्ट्रीतला ए हे आहे. एमकॅट या मेडिकल प्रवेशपरीक्षेतही ऑरगॅनिकचा वाटा एका विभागात साधारण 15 टक्के आणि दुसऱ्यात 5 टक्के. बायोकेमिस्ट्रीचा दोन्ही विभागांत प्रत्येकी 25 टक्के. वेळ कुठे घालवायचा ते यावरूनच कळतं.

आता आईंचा मुद्दा. नाशिक-पुण्याकडे रात्रशाळा आणि रात्रमहाविद्यालयं चालवणाऱ्यांनी आणि तिथे दिवसभराचं काम उरकून शिकणाऱ्यांनी काय कमावलं, ते आईंनाही ठाऊक असेल, त्यामुळे ती उपमा मला कमीपणाची वाटत नाही. पण त्यांच्या शंकेत तथ्य आहे. बहुतेक मेडिकल कॉलेजं कम्युनिटी कॉलेजचे क्रेडिट स्वीकारतात, काही मात्र चार वर्षांच्या विद्यापीठातले कोर्स पसंत करतात, आणि काहींना ऑनलाइन लॅब चालत नाही. हे ऐकीव माहितीवर सोडू नकोस. एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या एमएसएआर या सशुल्क यादीत प्रत्येक एमडी कॉलेजाची अट लिहिलेली असते, डीओ कॉलेजांसाठी चूज डीओ एक्स्प्लोरर ही तशीच यादी आहे. पंधरा-वीस कॉलेजं निवड आणि एक तक्ता कर: कम्युनिटी कॉलेज चालतं का, ऑनलाइन लॅब चालते का, बायोकेमिस्ट्री सक्तीची का, ऑरगॅनिकच्या दुसऱ्या भागाऐवजी ती धरतात का, आणि विषय किती वर्षांपूर्वीचे चालतात. शेवटचा रकाना विसरू नकोस. काही कॉलेजं पाच-सात वर्षांपेक्षा जुने विषय धरत नाहीत, आणि तुझा अर्ज जाईपर्यंत पहिल्या वर्षाची बायॉलॉजी तेवढी जुनी झालेली असेल.

तुझ्या बाबतीत आईंची शंका आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. तुझे वाईट ग्रेड विद्यापीठातले आहेत. नंतरचे सगळे चांगले ग्रेड फक्त कम्युनिटी कॉलेजातले दिसले, तर "सोपी वाट धरली" असा संशय येऊ शकतो. तो संशय नेहमीच न्याय्य असतो असं नाही. तिथल्या केमिस्ट्रीच्या परीक्षा कुणाला सोप्या वाटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण संशयाला वावच राहू नये याचा उपाय सोपा आहे. दोन जुने कोर्स कम्युनिटी कॉलेजात, पुढचे सगळे चार वर्षांच्या विद्यापीठात. तसंही कम्युनिटी कॉलेजात पहिल्या दोन वर्षांचेच विषय असतात. वरच्या पातळीची बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स, फिजिऑलॉजी तिथे बहुधा मिळतच नाही.

तुझ्या घराजवळ पर्याय चांगले आहेत. फ्रीमाँटमध्येच ओलोनी कॉलेज आहे, तिथे सेमिस्टर चालतात. कुपरटिनोचं डी ॲन्झा आणि लॉस आल्टोस हिल्सचं फूटहिल क्वार्टरवर चालतात, क्वार्टर युनिटमागे 31 डॉलर. इथे एक तांत्रिक गुंता आहे आणि त्यात बरेच जण फसतात. तुझा सी मायनस क्वार्टर पद्धतीतल्या दुसऱ्या भागाचा आहे. डी ॲन्झामध्ये वर्षाचे तेच तीन तुकडे असल्यामुळे दुसरा तुकडा जवळपास जसाच्या तसा जुळतो. ओलोनीत वर्षाचे दोनच तुकडे, त्यामुळे तुझ्या दुसऱ्या क्वार्टरचा थोडा भाग पहिल्या सेमिस्टरमध्ये आणि बाकीचा दुसऱ्यात येईल. कागदावर डी ॲन्झा बरं दिसतं. पण क्वार्टर म्हणजे जेमतेम बारा आठवडे, आणि पहिली मिडटर्म तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच अंगावर येते. पूर्णवेळ नोकरी सांभाळून तो वेग झेपणं कठीण, शिवाय ऐन संध्याकाळी फ्रीमाँटहून कुपरटिनोला गाडी हाकायची. मी तुझ्या जागी सेमिस्टर निवडेन. दोन्हींचे सिलॅबस शेजारी ठेवून आम्ल-आम्लारी समतोल, बफर, अभिक्रियांचा वेग, विद्युतरसायन हे दुसऱ्या सेमिस्टरमध्येच आहेत ना, एवढं तपास. फिजिक्समध्ये वीज, चुंबकत्व, प्रकाश हे पाहा. कॅल्क्युलसवाल्या फिजिक्सच्या वाटेला जाऊ नकोस, बीजगणितावर आधारलेलं बहुतेक कॉलेजांना चालतं. आणि कोणताही विषय पास-नो पास तत्त्वावर घेऊ नकोस, तिथे तुला ए हे अक्षरच हवं आहे.

वरच्या पातळीच्या विषयांसाठी हेवर्डचं कॅल स्टेट ईस्ट बे जवळ आहे. कॅल स्टेट विद्यापीठांत ओपन युनिव्हर्सिटी नावाची सोय असते: प्रवेश न घेता, नियमित विद्यार्थ्यांची नोंदणी झाल्यावर उरलेल्या जागांवर तुम्ही बसू शकता. ग्रेड नेहमीच्या गुणपत्रकावरच येतो. युनिटमागे काहीशे डॉलर मोजावे लागतात, म्हणजे ओलोनीच्या कितीतरी पट. बायोकेमिस्ट्रीच्या जागा लवकर भरतात, त्यामुळे एका सेमिस्टरला नाही मिळाली तर पुढच्या वेळी, अशी तयारी ठेव. यूसी बर्कली एक्स्टेन्शनही पाहून ठेव. ईस्ट बे आणि सॅन फ्रान्सिस्को स्टेटमध्ये आरोग्यक्षेत्रासाठीचे रीतसर पोस्टबॅक कार्यक्रमही आहेत. त्यात सल्लागार मिळतो, जागांची थोडी हमी असते, पण प्रवेशासाठी निवड होते. पोस्टबॅक शोधताना एक फरक लक्षात ठेव. ब्रिन मॉर, गाउचर, जॉन्स हॉपकिन्स यांचे नावाजलेले कार्यक्रम, ज्यांनी हे विज्ञान विषय कधी घेतलेच नाहीत अशांसाठी आहेत. तू ते घेतले आहेस, त्यामुळे तिथे अर्ज करणं म्हणजे फी वाया. तुला "रेकॉर्ड सुधारणाऱ्यांचे" कार्यक्रम शोधायचे आहेत.

पैशाबद्दल एक इशारा. पदवी झालेल्यांना पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची सरकारी मदत, मिळत नाही. पदव्युत्तर किंवा व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशाला लागणारे विषय घेण्यासाठी संघीय कर्ज सलग बारा महिन्यांपर्यंत मिळू शकतं, निम्मा भार तरी म्हणजे सहसा सहा युनिट घेतले तर. पण फक्त जीपीए वाढवण्यासाठी घेतलेले विषय त्यात बसत नाहीत. त्यामुळे फायनान्शियल एड कार्यालयात नीट विचारल्याशिवाय कर्जाचा हिशेब धरू नकोस. आणि 1 जुलै 2026 पासून मेडिकलच्या नव्या विद्यार्थ्यांना संघीय कर्जाची मर्यादा वर्षाला 50,000 आणि एकूण 2,00,000 डॉलर आहे, पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मिळणारं ग्रॅड प्लस हे संघीय कर्ज नव्या कर्जदारांसाठी बंद. तेव्हा आत्ता वाचवलेला प्रत्येक डॉलर पुढे लागणार आहे. या बाबतीत बाबांचा हिशेबीपणा शंभर टक्के बरोबर.

आता जरा अप्रिय प्रश्न. तू लिहिलंस, "तेव्हा मी सीरियस नव्हते." हे उत्तर मला पुरत नाही, आणि मुलाखतीतही पुरणार नाही. मानसशास्त्रात तुला चांगले ग्रेड मिळाले, म्हणजे सीरियस तर होतीसच. मग केमिस्ट्रीतच काय बिघडलं? एका क्वार्टरला तीन विज्ञान विषय घेतले होतेस? नोकरी होती? की गणिताचा पाया कच्चा होता? जनरल केमिस्ट्रीच्या दुसऱ्या भागात गाडी रुतते ती बहुधा लॉगरिदम आणि समतोलाच्या तक्त्यांत. बफरचं उदाहरण येतं, सूत्र पाठ असतं, पण आम्ल घातल्यावर कोणाचं प्रमाण वाढलं आणि कोणाचं घटलं हे मांडता येत नाही. फिजिक्समध्ये तसंच, सर्किट सोडवताना समीकरणं मांडण्याआधीच आकडे भरायची घाई. एका रविवारी जुनी फायनल परीक्षा घड्याळ लावून सोडव. निम्म्यावर अडलीस तर नोंदणीच्या आधी चार-सहा आठवडे पहिल्या भागाची उजळणी कर, मगच वर्गात जा. खरं कारण न शोधता परत बसलेल्यांना दुसऱ्यांदा बी मायनस मिळतो, आणि बी मायनस मिळालेला रीटेक हा डी प्लसपेक्षा समजावून सांगायला अवघड.

नोकरीचं म्हणशील तर पहिल्या सेमिस्टरला एकच कोर्स घे, केमिस्ट्री. लॅब असलेला पाच युनिटचा कोर्स म्हणजे वर्गात आणि लॅबमध्ये आठवड्याला सहा ते नऊ तास आणि घरी दहा-बारा. चाळीस तासांच्या नोकरीवर एवढंच बसतं. दुसऱ्या सेमिस्टरला फिजिक्स. त्यानंतर मात्र नोकरीचे तास कमी करून दोन विषय एकत्र घ्यावे लागतील, कारण मेडिकल कॉलेजला एकेक विषय सावकाश पचवणारी नको, भार पेलणारी हवी असते. दुसऱ्या वर्षी फॉलला (डिसेंबरात संपणाऱ्या सत्राला) बायोकेमिस्ट्री आणि फिजिऑलॉजी, स्प्रिंगला जेनेटिक्स आणि सेल बायॉलॉजी. अर्जाच्या वर्षात आणखी एक-दोन घेतलेस की तीस क्रेडिट होतात. सगळीकडे ए धरला तर एकूण जीपीए 3.28 आणि विज्ञानाचा पुन्हा 3.28. बाबांच्या योजनेपेक्षा आकडा किंचित कमीच, पण ओळीतले विषय वजनदार.

नोंदणीचं एक व्यावहारिक अंग सांगते. सीसीसी अप्लाय या कम्युनिटी कॉलेजांच्या अर्जाच्या वेबसाइटवर अर्ज केला की आयडी मिळतो, पण केमिस्ट्रीच्या दुसऱ्या भागात शिरायला पहिल्या भागाचा पुरावा लागतो. विद्यापीठाचं गुणपत्रक देऊन पूर्वअट मंजूर करून घ्यायला आठवडा-दोन आठवडे जाऊ शकतात, तेव्हा नोंदणी उघडायच्या महिनाभर आधी ते उरक. नव्याने आलेल्या, पदवी झालेल्या विद्यार्थ्याचा नोंदणीचा क्रम बहुधा शेवटाकडे लागतो आणि संध्याकाळच्या लॅब आधीच भरलेल्या असतात. वेटलिस्टवर नाव टाक आणि पहिल्या दिवशी वर्गात प्रत्यक्ष हजर राहा. पहिल्या लॅबला गैरहजर राहणाऱ्यांची नावं कापली जातात, आणि त्या जागांचे ॲड कोड (नोंदणीचे परवानगी-क्रमांक) समोर बसलेल्यांना मिळतात.

आणि गाडी घसरते आहे असं वाटलं तर? कॅलिफोर्नियात सेमिस्टरचा साधारण पाचवा भाग उलटण्याआधी विषय सोडला तर गुणपत्रकावर काहीच उमटत नाही. त्यानंतर तीन-चतुर्थांश काळापर्यंत सोडला तर डब्ल्यू, म्हणजे विषय सोडल्याची खूण, येतो. नेमक्या तारखा कॉलेजच्या कॅलेंडरवर असतात, त्या पहिल्याच दिवशी भिंतीवर लाव. पहिल्या मिडटर्मला सत्तरच्या खाली आलीस तर प्राध्यापकांना भेट आणि स्पष्ट विचार, ए अजून गणिताने शक्य आहे का? एक डब्ल्यू चालून जातो. डब्ल्यूंची रांग नाही. तुझ्यासारख्याच, पण कम्युनिटी कॉलेजातच सी मिळवलेल्या वाचकांसाठी: त्याच कॉलेजात सी मिळालेला कोर्स कॅलिफोर्नियात सहसा पुन्हा घेऊच देत नाहीत, डी किंवा एफ असेल तरच.

छोट्या वर्गांचा एक फायदा मात्र कुणी सांगत नाही. लॅबमध्ये पंचवीस-तीस जण असतात आणि प्राध्यापक स्वतः शिकवतात, तुला नावासकट ओळखतात. मेडिकल अर्जाला सहसा विज्ञानाच्या दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागतात. तीनशेंच्या व्याख्यानगृहातल्या प्राध्यापकाचं पत्र आणि अशा छोट्या लॅबमधल्या प्राध्यापकाचं पत्र यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ऑफिस अवरला (प्राध्यापकांना भेटायच्या ठरलेल्या वेळेला) पहिल्या महिन्यापासून जा. सेमिस्टर संपताच पत्र माग आणि इंटरफोलिओ या पत्रं साठवणाऱ्या ऑनलाइन सेवेत ठेव. दोन वर्षांनी मागितलंस तर त्यांना तुझा चेहराही आठवणार नाही.

एमकॅट बायोकेमिस्ट्री झाल्याशिवाय देऊ नकोस, आणि अवघड विषयांच्या ऐन सेमिस्टरमध्ये तर नकोच. गुण 472 ते 528 मध्ये असतात, एमडीला प्रवेश मिळालेल्यांची सरासरी 511-512 च्या घरात, डीओची 504 च्या आसपास. तुझ्या जीपीएला आधार हवा असल्याने तुला 512 च्या वरच बघायला हवं. वर्षात तीनदा, दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदा अशी मर्यादा आहे; पण "एकदा देऊन पाहू" हा प्रकार करूच नकोस, कारण प्रत्येक निकाल दिसतो. ॲमकॅसचा अर्ज मेच्या सुरुवातीला उघडतो आणि मेअखेरीपासून पाठवता येतो. प्रवेश त्याच्या पुढच्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे आजपासून मेडिकलच्या पहिल्या दिवसापर्यंत तीन वर्षांच्या आसपास, हे घरी एकदा सांगून टाक. स्प्रिंगचे ग्रेड येण्याआधी घाईने अर्ज केलास, तर तुझे सगळ्यात चांगले ग्रेड अर्जात नसतील, आणि परत अर्ज करणारी म्हणून पुढच्या वर्षी उभी राहशील.

मामांचं कॅरिबियन. 2024 च्या रेसिडेन्सी मॅचमध्ये (मेडिकलनंतरच्या प्रशिक्षणाच्या जागांच्या वाटपात) अमेरिकन एमडी कॉलेजांच्या शेवटच्या वर्षातल्यांना साधारण 93 टक्के आणि डीओवाल्यांना 92 टक्के जागा मिळाल्या. परदेशात शिकून आलेल्या अमेरिकन नागरिकांना 67 टक्के, आणि परदेशात शिकलेल्या बिगरनागरिकांना 58 च्या आसपास. ग्रीन कार्डवाली तू आजच्या घडीला बिगरनागरिकांच्या रकान्यात मोजली जाशील. शिवाय हे आकडे मॅचपर्यंत पोहोचलेल्यांचे आहेत. वाटेत कॉलेजातून गळालेले त्यात नाहीत. जी गुणपत्रकाची दुखणी तू आता दोन वर्षांत निस्तरू शकतेस, ती तिथे एकदम मोठ्या कर्जासह सोबत येतील.

त्याऐवजी मामांना डीओबद्दल सांग. आपल्याकडे नाव फारसं परिचित नाही म्हणून घरचे बिचकतात, पण अमेरिकेतले डीओ पूर्ण परवान्याचे डॉक्टर असतात, शस्त्रक्रियाही करतात, आणि 2020 पासून एमडी व डीओंच्या रेसिडेन्सी एकाच मान्यतेखाली आहेत. प्रवेश मिळालेल्यांचा जीपीए 3.6 च्या आसपास असतो. वलेहोचं टुरो, पोमोनाचं वेस्टर्न यू, क्लोव्हिसचं कॅलिफोर्निया हेल्थ सायन्सेस अशी कॉलेजं तुझ्याच राज्यात आहेत. स्क्राइब म्हणून काम करतेस, तर एखाद्या डीओ डॉक्टरांबरोबर शॅडोइंग कर, म्हणजे सोबत राहून त्यांचं काम बघ. काही डीओ कॉलेजं त्यांचं शिफारसपत्र मागतात.

या सदराच्या बऱ्याच वाचकांनी भारतात बी.फार्म., बी.एस्सी. किंवा बी.डी.एस. केलंय, आणि त्यांची गोष्ट तुझ्यापेक्षा वेगळी आहे. ॲमकॅस भारतातली गुणपत्रकं तपासत नाही आणि तिथले गुण जीपीएत धरत नाही. बहुतेक मेडिकल कॉलेजांना अमेरिका-कॅनडातली पदवी किंवा इथले ठरावीक, बऱ्याचदा 90 क्रेडिट लागतात. अशांसाठी कम्युनिटी कॉलेज ही खरोखर उत्तम सुरुवात आहे. कोरी पाटी असते आणि पहिला ए थेट सरासरीत जातो. फक्त तिथेच साठ क्रेडिट करून थांबू नये, पुढचे विद्यापीठात घ्यावेत. एच-4 वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असलेल्यांनी फीसाठी राज्याचं रहिवासी गणलं जाणं तपासावं. कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस पूर्ण झाल्यावर ते शक्य असतं, एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर नाही. पण ग्रीन कार्डाशिवाय अर्ज स्वीकारणारी मेडिकल कॉलेजं मोजकीच आहेत, हे तीन वर्षं घालवण्याआधी पाहावं.

लायकीचं विचारलंस. त्याचं उत्तर ओलोनीतल्या पहिल्या सेमिस्टरच्या डिसेंबरात मिळेल, आणि ते 230 डॉलरात मिळतंय. तिथे ए आला तर पुढची सगळी योजना खरी धरून चाल. नोकरी सांभाळून, सगळे उपाय करून बी आला, तर आणखी एक विषय घेऊन पाहा, आणि तिथेही तसंच झालं तर फिजिशियन असिस्टंट किंवा नर्स प्रॅक्टिशनरच्या वाटा खुल्या मनाने बघ. स्क्राइबचे तास तिथेही कामी येतील.

या आठवड्यात करायचं ते एवढंच: आजवर ज्या ज्या कॉलेजात नाव नोंदवलं, हायस्कूलमध्ये असताना घेतलेल्या एखाद्या कॉलेज कोर्सासकट, त्या सगळ्यांची गुणपत्रकं मागव. ॲमकॅस सगळी मागते, आणि एखादं राहून गेलं तर अर्ज तिथेच अडकतो. मग एका वहीत सगळे ग्रेड सेमिस्टर क्रेडिटमध्ये उतरवून बाबांना जेवणानंतर शेजारी बसव आणि बेरीज त्यांच्याकडूनच करून घे.